किती उंचीवरून पडला ते नंतर. किती अंतरात थांबला ते आधी सांगा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यात मांजलपूरच्या तुमच्या सोसायटीत बाहेरून रंगकाम चालू होतं. रंगारी भाई पहिल्या मजल्याच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर उभे होते. त्यांच्या कमरेला दोन मीटर दोर होता आणि त्याचं दुसरं टोक कमरेच्याच उंचीवर, पावसाच्या पाण्याच्या पाइपच्या क्लॅम्पला बांधलेलं होतं. पाय सटकला, दोन मीटर खाली आल्यावर दोर ताणला गेला, क्लॅम्प भिंतीतून उपटला आणि ते आणखी तीन मीटर खाली, नुकतंच पाणी घातलेल्या बागेच्या वाफ्यात पायांवर पडले. एका टाचेचं हाड मोडलं, बाकी निभावलं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने हिशेब करून १३७३ हा आकडा काढला. दोरवाला म्हणतो दोर ८०० किलोचा आहे. कंत्राटदार म्हणतो माणूस ६५ किलोचा, मग क्लॅम्पला काय धाड भरली होती! तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: जोर नक्की किती बसला, आणि पुढच्या वेळी हूक केवढा मजबूत लावायचा. शेवटी तुम्ही आईंचंही लिहिलंय. त्या न्हाणीघरात उभ्या-उभ्या घसरल्या आणि खुबा मोडला. एवढ्याशा पडण्यात एवढा जोर आला कुठून?

मी कलाभवनात मेकॅनिकल शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं मकरपुरा आणि नंदेसरीकडच्या कारखान्यांत सेफ्टीचं काम केलं. पडलेल्या माणसांचे रिपोर्ट लिहिणं हा त्यातला नकोसा पण मोठा भाग. प्रत्येक वेळी मॅनेजरपासून विमा कंपनीच्या सर्व्हेअरपर्यंत सगळे विचारायचे, "एवढ्या उंचीवरून पडला म्हणजे किती किलोचा मार?" या प्रश्नाला उत्तर नाही. उंचीवरून फक्त वेग कळतो. मार किती बसतो ते थांबण्यावर ठरतं, आणि थांबण्याबद्दल कोणी विचारतच नाही.

भाच्यापासून सुरू करू. त्याचा १३७३ बरोबर आहे, पण ते ज्यूल आहेत. भाई आणि त्यांच्या हातातलं सामान मिळून ७० किलो धरले, दोन मीटर पडले, तर ७० × ९.८१ × २ = १३७३ ज्यूल ऊर्जा होते. न्यूटनमध्ये किंवा किलोमध्ये सांगायचा जोर हा नव्हे. ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते आणि ती किती अंतरात जिरते त्यावर जोर ठरतो. परीक्षेत १३७३ लिहून वर न्यूटन लिहिणारी मुलं बरीच असतात, तेव्हा त्याला फार बोलू नका.

कामाचं सूत्र अगदी साधं आहे. थांबताना बसलेला सरासरी जोर = माणसाचं वजन × (पडलेली उंची ÷ थांबायला लागलेलं अंतर + १). दोन्ही अंतरं मीटरमध्ये घ्या, उत्तर किलोत येतं. (शास्त्रात याला किलोभार म्हणतात, इथे आपण नुसतं किलो म्हणू.) आता ७० किलोचा माणूस आणि दोन मीटर उंची कायम ठेवून फक्त थांबण्याचं अंतर बदला. एक मीटरमध्ये थांबला तर सरासरी २१० किलो. अर्ध्या मीटरमध्ये ३५०. दहा सेंटिमीटरमध्ये १४७०. दोन सेंटिमीटरमध्ये ७०७०, म्हणजे सात टन. पडणं एकच, तरी आकडा दोनशे किलोपासून सात टनांपर्यंत कुठेही जातो. इंटरनेटवर तुम्हाला वेगवेगळी उत्तरं मिळाली त्याचं कारण हेच. प्रत्येकाने थांबण्याचं अंतर मनानेच धरलंय आणि बहुतेकांनी ते सांगितलेलंही नाही.

काही जण अंतराऐवजी वेळ धरतात. वेग भागिले वेळ, गुणिले वस्तुमान. तेही चुकीचं नाही, पण वेळेच्या जागी "०.१ सेकंद" बिनदिक्कत टाकतात. दोन मीटर पडल्यावर वेग सेकंदाला ६.२६ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास होतो. हा वेग ०.१ सेकंदात शून्यावर आणायचा तर शरीराला साधारण ३१ सेंटिमीटर अंतर लागतं. म्हणून कोणी वेळ धरून आकडा सांगितला की मी लगेच त्याचं अंतर काढून बघतो. कुशीवर, फरशीवर पडलेला माणूस एकतीस सेंटिमीटर दबेल का? नाही दबणार. पायांवर पडून गुडघे, कंबर सगळं दुमडत बसला तर मात्र तेवढं अंतर सहज मिळतं. हा एक ताळा केला तरी निम्मी उत्तरं बाद होतात.

आणखी एक गोम. वरचा जोर सरासरी आहे. शेवटाकडे दोर ताठ होत जातो, माती दबत-दबत घट्ट होते, त्यामुळे जोर एकसारखा राहत नाही, चढत जातो. स्प्रिंगसारख्या ताणल्या जाणाऱ्या वस्तूत सर्वात मोठा झटका सरासरीच्या दुप्पट असतो. हाड मोडतं ते या शिखराला, सरासरीला नव्हे. त्यामुळे घाईत अंदाज हवा असेल तर सूत्राचं उत्तर दुप्पट करा आणि पुढे चला. दशांशचिन्हापुढचे आकडे लिहू नका, त्यांना इथे काही किंमत नाही.

आता तुमचा अपघात. यात दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो.

पहिली घटना दोर ताणला जाण्याची. तुम्ही विचारलंत, दोरावर किती जोर आला? याचं उत्तर क्लॅम्पने दिलंय. क्लॅम्प जेवढा जोर सहन करू शकत होता तेवढाच जोर आला, त्याहून एक किलोही जास्त नाही. दोर, गाठ, कंबर, क्लॅम्प, स्क्रू, प्लास्टर ही एक साखळी आहे. सर्वात कच्ची कडी जिथे सुटते तिथेच जोर वाढायचा थांबतो. प्लास्टिकच्या गुट्टीत दोन स्क्रू, त्यातही प्लास्टर पोकळ. तो क्लॅम्प दोनशे किलोला टिकला असेल तरी खूप झालं. धरू दोनशे. उपटताना तो फार तर दहा सेंटिमीटर ओढला गेला असेल. दोनशे किलो, दहा सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे १९६ ज्यूल. एकूण १३७३ मधून एवढेच वजा झाले, सातवा हिस्सा. उरलेली ऊर्जा घेऊन भाई खाली निघाले.

खालचे तीन मीटर मिळवले की एकूण ३२३७ ज्यूल होतात. जमिनीला टेकताना वेग ताशी साडेचौतीस किलोमीटर. दोर बांधलाच नसता आणि सरळ पाच मीटर पडले असते तर वेग ताशी साडेपस्तीसच्या किंचित वर गेला असता. म्हणजे त्या दोराने आणि क्लॅम्पने मिळून ताशी जेमतेम एक किलोमीटरचा फरक पाडला. सेफ्टीचा दोर बांधला होता असं रजिस्टरमध्ये लिहायला तो उपयोगी, बाकी कशाला नाही. बरं, दोराने मधेच हिसका दिल्यावर ते डोक्यावर उलटे झाले नाहीत हे नशीब. कमरेच्या दोराने तेही होतं.

दुसरी घटना वाफ्यात आदळण्याची. तुम्ही लिहिलंय की टाचांचे खड्डे चार बोटं खोल होते. ते आठ सेंटिमीटर धरा. भाई पायांवर पडून तसेच बसले, म्हणजे धड आणखी चाळीस सेंटिमीटर खाली आलं असणार. मिळून जवळपास अर्धा मीटर. या वेगाला साधारण ४.७ मीटर उंची जुळते. सूत्रात घातलं तर सरासरी ७३० किलो. शिखर हजार ते चौदाशे किलोच्या दरम्यान कुठेतरी, आणि ते दोन्ही पायांत सारखं वाटलं गेलं असेलच असं नाही. जो पाय आधी टेकला त्याच्या टाचेने जास्त घेतलं. शिवाय पाऊल आणि पोटरी थांबली आठ सेंटिमीटरमध्येच, गुडघ्यांच्या दुमडण्याचा फायदा फक्त वरच्या धडाला मिळाला. शरीर म्हणजे एकसंध दगड नाही. प्रत्येक भाग आपापल्या अंतरात थांबतो आणि आपापला मार खातो. टाच मोडली आणि बरगड्या शाबूत राहिल्या ते यामुळे.

टाच मोडली आहे तर एक गोष्ट आजच विचारून घ्या. पायांवर पडून टाच मोडते तेव्हा तोच जोर नडगीतून, खुब्यातून वर चढून पाठीच्या कण्यात जातो आणि कमरेच्या वरच्या बाजूचा मणका चेपला जाऊ शकतो. टाचेच्या वेदनेपुढे पाठीचं दुखणं जाणवत नाही. हाडांचे डॉक्टर अशा वेळी पाठ तपासतातच, पण तुमचे भाई घाईत प्लास्टर घालून घरी आले असतील तर परत पाठवा.

वाफ्याच्या जागी तुमच्या पार्किंगचे पेव्हर ब्लॉक असते आणि भाई पाय ताठ ठेवून पडले असते तर? थांबण्याचं अंतर सहा सेंटिमीटर धरलं की साडेपाच टन येतात. हा आकडा पाहून लोक हबकतात, पण एवढा जोर प्रत्यक्षात येत नाही. त्याच्या कितीतरी आधी हाडं मोडतात, आणि मोडताना शरीर आणखी खाली बसतं, म्हणजे थांबण्याचं अंतर वाढतं. वर क्लॅम्पचं जे झालं तेच इथे हाडाचं होतं: सर्वात कच्ची कडी सुटली की जोर तिथेच अडतो. म्हणून "साडेपाच टनांचा मार बसला" असं कोणी रिपोर्टात लिहिलं तर मी ते खोडून "हाडं मोडण्याइतका" असं लिहायचो. त्याहून नेमकं लिहिण्यासारखं तिथे काही नसतंच.

मातीने माणूस वाचतो हे आखाड्यातल्या कोणालाही माहीत आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात मी ते नव्याने सांगायला नको. पण त्याचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा केला तो ह्यू डीहेवन या अमेरिकन माणसाने. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना तो स्वतः विमान अपघातातून वाचला होता. आपण का वाचलो हा प्रश्न त्याने पुढे सोडला नाही. १९४२ मध्ये त्याने ५० ते १५० फुटांवरून पडून जिवंत राहिलेल्या माणसांचा हिशेब मांडला. हिशेब आपल्या वरच्या सूत्राचाच: किती उंची, आणि माती किंवा पत्रा किती खोल दबला. त्याचा निष्कर्ष असा, की जोर शरीराला आडवा, मोठ्या भागावर पसरून आणि अगदी क्षणभर आला तर माणूस स्वतःच्या वजनाच्या दोनशे पटीपर्यंत सोसून जाऊ शकतो. मोटारीतला सीट बेल्ट, मऊ डॅशबोर्ड, पुढून चेपणारं बॉनेट या सगळ्याच्या मुळाशी हा विचार आहे. पण "दोनशे पट" एवढंच लक्षात ठेवून कोणी उडी मारू नये. तो आकडा पाठीवर किंवा पोटावर आडवं पडणाऱ्याचा आहे. उभा मणका त्याच्या कितीतरी आधी हार मानतो.

डोक्याचं गणित तर याहून कठोर. माणूस उभ्याचा मागे पडला तर डोकं दीड मीटरहून जास्त खाली येतं. उघडं डोकं फरशीवर दोन-चार मिलिमीटरमध्ये थांबतं. हेल्मेटच्या आतला थर्माकोल पंचवीस मिलिमीटर दबला तर तेच थांबणं सात-आठ पटींनी सावकाश होतं. रंगाऱ्यांना पिवळी प्लास्टिकची टोपी देतात ती वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी असते, आणि हनुवटीचा पट्टा नसला तर पडताना ती वाटेतच सुटते.

आता दोर, कारण पुढच्या वेळचा सगळा निर्णय यावर आहे. दोरवाल्याचे ८०० किलो म्हणजे नवा दोर, गाठ नसताना, सावकाश ओढला तर तुटायचा आकडा. गाठ मारली की त्यातला तिसरा हिस्सा जातो, कधी निम्माही. उन्हात वर्षभर पडलेला स्वस्त प्लास्टिकचा दोर असेल, छज्ज्याच्या धारेवर घासत असेल, तर उरलेल्याचाही भरवसा नाही. पण मजबुतीपेक्षा मी आधी दुसरी गोष्ट विचारतो: दोर ताणतो किती? ७० किलोचा माणूस, दोन मीटर दोर, दोन मीटर पडणं. दोर झटक्याच्या वेळी वीस टक्के ताणला गेला तर शिखर ८४० किलो. दहाच टक्के ताणला गेला तर १५४०. लोखंडी वायर एका टक्क्याने ताणली जाते असं धरलं तर हिशेब चौदा टनांवर जातो, म्हणजे वायर राहील आणि हूक किंवा माणूस मोडेल. जाड आणि ताठ दोर म्हणजे जास्त सुरक्षित, हा बाजारातला समज अगदी उलटा आहे.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. दोन मीटर दोरावर दोन मीटर पडलात किंवा एक मीटर दोरावर एक मीटर पडलात, झटका तोच, ८४० किलो. कारण पडणं निम्मं झालं तसा ताणायला मिळणारा दोरही निम्मा झाला. झटका ठरतो तो पडलेल्या उंचीला दोराच्या लांबीने भागून जे येतं त्यावर. गिर्यारोहक हाच भागाकार बघतात. वीस टक्क्यांवाला तोच दोर घेतला आणि हूक डोक्याच्या वर, दोर नुसता ताणलेला, तर भागाकार शून्य आणि झटका १४० किलो, म्हणजे वजनाच्या दुप्पट. चार मीटर दोर आणि एक मीटर पडणं असेल तर ४६०. हूक कमरेशी असेल तर भागाकार एक, ८४०. हूक पायाशी असेल तर दीड, हजारावर. पायाच्याही बऱ्याच खाली असेल तर भागाकार दोनपर्यंत जातो आणि झटका साडेअकराशेच्या पुढे. दोर बदलायला पैसे लागतात. हूक वर नेण्यासाठी बहुतेक वेळा फक्त कोणीतरी गच्चीवर चढावं लागतं.

एवढा झटका कंबर सोसत नाही. दोराने पोट आवळलं जातं, आतडी, प्लीहा, यकृत यांना मार बसतो, आणि माणूस मधोमध घडी होऊन लोंबकळतो. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी कमरपट्टा वापरायला १९९८ पासून बंदी आहे. तिथल्या नियमात अंगभर हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे पट्टे) असेल तर झटका १८०० पाउंडांच्या वर, म्हणजे ८०० किलोच्या थोडा वर, जाता कामा नये. युरोपात शॉक अ‍ॅब्सॉर्बरची मर्यादा ६ किलोन्यूटन, सव्वासहाशे किलोच्या आत. आपल्याकडे हार्नेसवर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असतो. तो नसलेला पट्टा बाजारात निम्म्या किमतीला मिळतो आणि कंत्राटदार तोच आणतो, हे बडोद्यात मला कोणी सांगायला नको.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे दोरीच्या मध्ये बसवलेलं छोटं पाकीट. त्यात पट्टी घडी घालून शिवलेली असते. झटका आला की शिवण उसवत जाते आणि माणूस पावणेदोन मीटरपर्यंतच्या अंतरात सावकाश थांबतो. थांबण्याचं अंतर विकत घेण्याचा हा मार्ग. पण तुमच्या छज्ज्यावर तो चालणार नाही, आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हिशेब करा. दोन मीटर दोरी, पावणेदोन मीटर उसवणं, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर शिल्लक. हूकच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. तुमचा छज्जा जमिनीपासून पाच मीटरवर आणि हूक कमरेशी, म्हणजे कशीबशी सहा मीटर. सगळं साहित्य अस्सल असूनही शिल्लक अपुरी पडते. हूक पायाशी असेल तर माणूस पाय जमिनीवर आपटून मगच थांबणार.

म्हणून तुमच्या इमारतीसाठी माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या मजल्यापर्यंतच्या कामाला लोखंडी पाइपची परांची लावा, तिला कमरेइतका कठडा बांधा आणि दोराचा विषयच काढू नका. जो पडत नाही त्याचा जोर काढावा लागत नाही. दुसऱ्या मजल्यापासून वर टांगत्या झुल्यावर काम होणार असेल तर हार्नेसचा दोर वेगळा, झुल्याचा वेगळा, आणि हूक गच्चीवर. केवढा मजबूत? अमेरिकेत माणशी ५००० पाउंड, म्हणजे सव्वादोन टन धरतात आणि मी तेच धरून चालतो. ८०० किलोच्या झटक्यावर अडीच-पावणेतीन पट राखीव. एवढं सोसणारी जागा तुमच्या गच्चीवर बहुधा एकच असेल: जिन्याच्या खोलीचे किंवा पाण्याच्या टाकीचे काँक्रीटचे खांब. खांबाभोवती पट्टा गुंडाळा. गच्चीचा कठडा अर्ध्या विटेचा असतो, त्याला माणूस बांधणं म्हणजे खाली पडताना वर विटा ओढून घेणं. डिशचा पाइप, एसीचा ब्रॅकेट, ग्रिल, यातलं काहीही नको. आणि लोंबकळणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत खाली कसं घ्यायचं हे काम सुरू होण्याआधी ठरवा. हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहिलं तरी पायांत रक्त साचून माणूस बेशुद्ध पडतो.

आईंबद्दल. इथे उंची जवळजवळ नाहीच, तरी गणित तेच. बाजूला कोलमडताना खुबा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास असतो. त्या बाजूने थांबवायचं वस्तुमान सगळं शरीर नाही, सुमारे निम्मं, म्हणजे साठ किलोच्या बाईंचे तीस-पस्तीस किलो. पण थांबायला अंतर किती? कातडी, चरबी आणि थोडासा स्नायू, सगळं मिळून साडेतीन सेंटिमीटर. हिशेब साडेचार किलोन्यूटनच्या घरात जातो, साडेचारशे किलोंच्या वर. प्रयोगशाळेत याच तऱ्हेने पडल्यासारखा भार देऊन पाहिलं तेव्हा तरुण मांडीचं हाड सरासरी सात किलोन्यूटनपर्यंत टिकलं, म्हाताऱ्या माणसाचं साडेतीनपर्यंतच. म्हणजे तुमच्या वयाला जे नुसतं मुका मार देऊन जाईल ते आईंच्या वयाला हाड मोडतं. त्यातून म्हातारपणी माणूस वाळतो, मांडीवरचं मांस उतरतं, म्हणजे थांबण्याचं अंतरही कमी. हात टेकून वेग मोडायला लागणारी चपळाई तर आधीच गेलेली असते. त्यांचं काही चुकलं नाही, तेवढं घरात सांगा. अशा वेळी "बघून चालायला काय झालं होतं" हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवा, तोही भिंतीत फास्टनर घालून, तुमच्या त्या क्लॅम्पसारखा गुट्टीत नको. फरशी खरखरीत करून घ्या. खुब्यावर बांधायचे मऊ पॅडही मिळतात. ते दोन-तीन सेंटिमीटर अंतर वाढवतात आणि जोर आजूबाजूला पसरवतात. अडचण एवढीच, की ते दिवसभर अंगावर ठेवायला कोणी तयार होत नाही.

तुम्ही सेक्रेटरी आहात म्हणून एक जास्तीचं, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. रंगकामाचा माणूस गच्चीवर असेलच तर त्याला कठड्याची उंची मोजायला सांगा. उभ्या मोठ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पंचाण्णव सेंटिमीटरच्या आसपास असतो. कठडा त्याच्या खाली असेल तर मागे-मागे सरकत पतंग खेचणारा माणूस त्यावर अडत नाही, त्यावरून उलटतो. जुन्या सोसायट्यांत कठडे पाऊण मीटरचेच आहेत आणि उत्तरायणाला मुलं त्यावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढतात. तीन मजल्यांची गच्ची म्हणजे नऊ-दहा मीटर, ताशी पन्नास किलोमीटर वेग, आणि खाली पेव्हर. तिथे थांबण्याचं अंतर वाढवायला आपल्या हातात काहीच नसतं. पाऊण मीटर निघाला तर वरून दोन आडव्या पाइपची रेलिंग वाढवून घ्या, एक मीटरच्या वर जाईल अशी. वेल्डर तसाही परांचीसाठी येणारच आहे. त्याच कोटेशनमध्ये ते काम घाला आणि १४ जानेवारीच्या आधी उरका.